गुणसूत्रं मोजणाऱ्या जानकीबाई

आमच्या ढोकीकडं उसाला नावानं कुणी ओळखत नाही, नंबरानं ओळखतात. कुणाची लागण झाली की पहिला प्रश्न, बेणं कुठलं आणलं? ८६०३२ की २६५? तेरणा कारखान्याच्या आधारानं वाढलेलं आमचं गाव, त्यामुळे घरातल्या बायकांनाही हे आकडे पाठ. त्या आकड्यांच्या आधी ‘को’ लिहितात. हा को म्हणजे तमिळनाडूतलं कोइमतूर, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं! (२६५ आपल्या पाडेगावचा, पण त्याच्याही नावाची सुरुवात कोनंच होते.) आणि त्या कोइमतूरच्या ऊस केंद्रात १९३४ साली एक बाई रुजू झाली होती, सूक्ष्मदर्शकाखाली उसाची गुणसूत्रं मोजत बसायची, हे तर अगदी अलीकडे समजलं.

ते समजायला निमित्त झालं माझ्या मावसबहिणीचं. लग्नाला सहा वर्षं झालेली. तीनदा दिवस राहिले आणि तीनदा अडीच-तीन महिन्यांत सगळं संपलं. येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवस झाले, सोमवार झाले, कुणी सांगितलेल्या पुड्या झाल्या. बोलणी अर्थात तिनंच खाल्ली. डोहाळजेवणाला, बारशाला तिला पुढं बसवेनात. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या रक्ताची गुणसूत्र तपासणी करायला सांगितली. नवऱ्याची कशाला, यावरून घरात महिनाभर धुसफूस चालली. रिपोर्ट आला तेव्हा तिची गुणसूत्रं ४६, अगदी जिथल्या तिथं. नवऱ्याची ४५! एखादं हरवलं होतं असं नाही. दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून त्यांचं एक झालं होतं.

तो कागद घेऊन ती माझ्याकडं आली. मला तरी काय कळणार? म्हणून गुणसूत्रांविषयी जे मिळेल ते वाचायला लागले, आणि त्या वाचनात मला डॉ. ई. के. जानकी अम्मल भेटल्या. मी त्यांना जानकीबाईच म्हणणार, आपल्याकडं तसंच म्हणतात.

४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातल्या तलश्शेरीला त्यांचा जन्म झाला. वडील न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना पक्ष्यांचं आणि झाडांचं वेड. घराभोवती बाग फुलवलेली आणि घरात मुलांचं गोकुळ. पहिल्या बायकोची सहा, दुसरीची तेरा, अशी एकोणीस भावंडं! जानकीबाई दुसऱ्या बायकोच्या. आई ही एका इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी, लग्नाविना झालेली. त्यात थिय्या जात, म्हणजे त्या काळच्या उतरंडीत खालची समजली जाणारी. मिश्र रक्ताकडं लोक कसं बघतात हे या मुलीला फार लहानपणी समजलं असणार. पुढं जन्मभर तिनं अभ्यास केला तोही संकराचाच, हा योगायोग म्हणा हवं तर.

बहिणींची लग्नं रीतीप्रमाणं ठरवून होत गेली. जानकीबाईंनी मात्र पुस्तक धरलं. मद्रासला क्वीन मेरीज कॉलेज, मग प्रेसिडेन्सी कॉलेजातून वनस्पतिशास्त्राची पदवी, मग विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवणं. १९२४ साली आशियातल्या मुलींसाठी असलेली बार्बर शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या. घरच्यांत एक गोष्ट सांगतात. न्यूयॉर्कच्या बंदरावर त्यांना अडवून ठेवलं होतं. लांबसडक केस आणि रेशमी साडी बघून तिथल्या अधिकाऱ्याला वाटलं, ही कुणी हिंदुस्थानी राजकन्या असावी. बाईंनी त्याचा गैरसमज काही दूर केला नाही, आणि त्यांना आत सोडलं! मला ही गोष्ट फार आवडते. मिशिगनमध्ये त्यांनी वांग्याच्या जातींवर काम केलं, १९३१ साली डॉक्टरेट घेतली. परत येऊन दोन वर्षं त्रिवेंद्रमला प्राध्यापकी केली आणि मग कोइमतूर.

आता कोइमतूरला नेमकं काय चाललं होतं ते थोडं सांगायला हवं. तेव्हा आपण जावा बेटातून साखर आणत होतो. जाडजूड, रसाळ ऊस होता, पण तो थंडीला, रोगाला, पाण्याच्या ताणाला टिकत नसे. उलट नदीकाठी पांढऱ्या तुऱ्यांचं एक रानगवत उगवतं, हिंदीत त्याला कांस म्हणतात. ते उसाचंच भावंड. गोडी नाही, पण चिवट. बार्बर आणि वेंकटरामन या दोघांनी १९१२ साली गोड ऊस आणि हे रानगवत यांचा संकर केला. त्यातून को २०५ नावाचा ऊस निघाला आणि १९१८ साली पंजाबात शेतकऱ्यांच्या हाती गेला. आज आपल्या रानात उभ्या असलेल्या उसात त्या रानगवताचा अंश आहे.

संकर तर झाला, पण पोटात काय घडलं? गोड उसाची गुणसूत्रं ८०, कोइमतूरच्या रानगवताची ६४. निम्मी निम्मी धरली तर संकराची ७२ व्हायला हवीत. भरली ११२! म्हणजे गोड उसानं, आईनं, आपली निम्मी न देता सगळी ८० देऊन टाकली होती. (आईच ती!) जावातल्या डच संशोधकांनी हे आधी मोजलं होतं. जानकीबाई कोइमतूरला असे हिशोब मांडत होत्या. त्यांनी ऊस आणि ज्वारीच्या जातीतली गवतं, ऊस आणि इतर रानगवतं, एवढंच काय, ऊस आणि मका यांचाही संकर करून दाखवला. त्याचा लेख १९३८ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आला.

हे काम कसं करतात, तर तुरा उमलायच्या आधी, परागकण तयार होत असतानाच कोवळी फुलं उचलायची. वेळ चुकली की गेलं. रंग देऊन, काचेवर दाबून, डोळा लावून बसायचं. मिरचीच्या बियांएवढंही नाही, त्याच्या कित्येक पट बारीक, आणि शंभरावर! मोजून मोजून चित्र काढायचं. डाळीतले खडे वेचणाऱ्या आपल्याला या चिकाटीची थोडी कल्पना येईल.

पण हे मोजून कळतं काय? इथंच माझ्या बहिणीच्या कागदाचा अर्थ लागायला लागला.

आपल्या पेशीत २३ जोड्या असतात. जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून, एक वडिलांकडून. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना संख्या निम्मी करावी लागते, नाहीतर दर पिढीला दुप्पट होत जाईल. याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. त्यात आधी प्रत्येक गुणसूत्र आपला जोडीदार शोधतं, त्याला बिलगतं, थोडी देवाणघेवाण होते आणि मग एक या बाजूला, एक त्या बाजूला जातं. पंचमीच्या फुगडीसारखं बघा. जोडी जमली की फुगडी रंगते, हात सुटले की एक इकडं, एक तिकडं. ज्याला जोडीदारच सापडत नाही ते कुठं जाईल याचा नेम नाही.

खेचराचं उदाहरण घ्या. घोडीची ६४, गाढवाची ६२, खेचराला मिळतात ३२ आणि ३१, म्हणजे ६३. आकडा तर विषम आहेच, शिवाय दोघांच्या गुणसूत्रांची मांडणी इतकी वेगळी की फुगडी जमतच नाही. खेचर अंगानं दणकट, कामाला वाघ, पण त्याचा वंश पुढं जात नाही. तिथं खेचराचा काय दोष?

आता चिकटलेल्या गुणसूत्रांकडं येऊ. दोन गुणसूत्रं टोकाशी जोडली जाऊन एक होतात, मजकूर मात्र जवळजवळ सगळा शाबूत राहतो. रॉबर्टसन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९१६ साली नाकतोड्यांमध्ये हे पाहिलं, म्हणून त्याला त्याचं नाव मिळालं. जनावरांच्या जगात हे घडतच आलंय. शेळीची गुणसूत्रं ६० आणि मेंढीची ५४. कारण मेंढीच्या वंशात फार पूर्वी तीन जोड्यांमध्ये असा जोड झाला. आपल्या म्हशीची ५०, पण आसामकडच्या, चिखलात राहणाऱ्या म्हशीची ४८, तिथंही एक जोड आहे. दोघींच्या संकराला ४९ येतात, आणि गंमत म्हणजे तो संकर खेचरासारखा वांझ नसतो. गाभ राहतो, फक्त थोडं कमी-जास्त होतं. आपण माणसं तरी काय! चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र हे पूर्वीची दोन चिकटूनच झालंय. तो जोड आपल्या दोन्ही बाजूंना सारखाच आहे, म्हणून जोडी नीट जमते, कुणाला पत्ताही लागत नाही.

त्रास होतो तो एका बाजूला जोड आणि दुसऱ्या बाजूला सुटी दोन, असं असलं की. मग तिघींची फुगडी होते. जोडलेलं गुणसूत्र एका हातानं एकीला धरतं, दुसऱ्या हातानं दुसरीला. हात सुटताना जोडलेलं एका बाजूला आणि सुटी दोन्ही दुसऱ्या बाजूला गेली तर काही बिघडत नाही, दोन्हीकडं हिशोब पुरा. पण जोडलेल्याबरोबर एक सुटं ओढलं गेलं, तर एका बीजात जास्त आणि दुसऱ्यात कमी. असा गर्भ बहुतेक वेळा तग धरत नाही, दोन-तीन महिन्यांत पडतो. क्वचित कधी, २१ नंबरचं गुणसूत्र जास्तीचं आलं तर बाळ जन्मतं, पण डाउन सिंड्रोम घेऊन. असा जोड हजारात साधारण एकाच्या अंगात असतो. तो माणूस स्वतः धडधाकट असतो, त्याला कशानंही कळत नाही. तो बाईत असू शकतो तसा पुरुषातही. पुरुषात कधी शुक्रजंतूंची संख्याही त्यानं कमी होते. पण अशा जोडप्यांना निरोगी मुलंही होतात, हे मुद्दाम सांगते.

आपल्याकडं गाय वारंवार उलटायला लागली की वैतागून आपण तिला बाजार दाखवतो. १९६४ साली स्वीडनमध्ये लाल-पांढऱ्या गायींत एक आणि एकोणतीस नंबरची गुणसूत्रं जोडलेली सापडली. अशा वळूच्या मुली दिसायला उत्तम, दुधाला उत्तम, पण उलटण्याचं प्रमाण थोडं जास्त. एका वळूच्या रेतनातून हजारो कालवडी होतात, त्यामुळे थोडं जास्त म्हणजे देशाचं मोठं नुकसान. तेव्हापासून वळूची गुणसूत्रं तपासायला सुरुवात झाली. आपल्याकडंही रेतनकेंद्रात वळू घेण्याआधी ही तपासणी करायचा नियम आहे. वळूची आधी! आणि माणसाच्या घरात तीन वेळा गेल्यावरही नवऱ्याचं रक्त काढायला महिनाभर भांडावं लागतं. असो.

जानकीबाईंनी जनावरांवर काम केलं नाही, त्यांचा प्रांत वनस्पतींचा. पण वनस्पतींपाशी एक सुटका असते, जी गायीला आणि बाईला नाही. ज्याचं बी धरत नाही असाही ऊस कांडी लावून शेतभर करता येतो. त्याचं वांझपण शेतकऱ्याला जाणवतसुद्धा नाही, उलट तुरा आला तरच तो कपाळाला हात लावतो!

कोइमतूरला त्यांचं काम नावाजलं गेलं. सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेल्या विज्ञान अकादमीनं १९३५ मध्ये त्यांना फेलो म्हणून निवडलं. पण केंद्रातले दिवस सोपे नव्हते. सगळे पुरुष सहकारी, त्यात ही बिनलग्नाची, थिय्या जातीची, कुणाला न जुमानणारी बाई. मानापमान बरेच झाले. १९३९ च्या ऑगस्टमध्ये त्या एडिंबराला जनुकशास्त्राच्या जागतिक परिषदेला गेल्या, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि त्या परत आल्याच नाहीत. लंडनला जॉन इनेस संस्थेत काम मिळालं. रात्री बॉम्ब पडायला लागले की पलंगाखाली शिरायचं आणि सकाळी फडताळावरच्या फुटलेल्या काचा झाडून पुन्हा कामाला बसायचं, असं त्यांनी पुढं भाच्यांना सांगितल्याचं वाचलंय. त्या काळात सिरिल डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश तयार केला. १९४५ साली तो छापून आला. जगभरच्या पिकांची, फुलझाडांची संख्या एका ठिकाणी. आणि गंमत बघा, माणसाची गुणसूत्रं तेव्हा ४८ समजत होते. ४६ हा बरोबर आकडा आला १९५६ मध्ये. उसाची आधी नीट मोजून झाली होती, आपली नंतर!

पुढं विस्लीच्या प्रसिद्ध बागेत त्या दाखल झाल्या. तिथं त्यांच्या हाती आलं कोल्चिसिन नावाचं विष. युरोपातल्या एका कंदात ते सापडतं, आणि आपल्या बांधावरच्या कळलावीतही. कळलावी माहीत आहे ना? लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून तिचा कंद वापरत, त्यावरून नाव पडलं. (फार विषारी आहे, चुकूनही हात लावू नका.) हे विष पेशीला विभागताना मध्येच थांबवतं. गुणसूत्रं दुप्पट होतात आणि दोन पेशी वेगळ्या होतच नाहीत. वांझ संकराच्या कोंबावर ते लावलं की प्रत्येक एकट्या गुणसूत्राला अचानक जोडीदार मिळतो, आणि झाडाला बी धरू शकतं. जानकीबाईंनी ते मॅग्नोलियाच्या रोपांवर लावलं. त्यातली झाडं विस्लीच्या टेकडीवर मोठी झाली आणि एका पांढऱ्या मॅग्नोलियाला त्यांचं नाव आहे.

आणि हे वाचल्यावर मी उडालेच! माझ्या बहिणीच्या रक्ताची तपासणी करताना प्रयोगशाळेत काय करतात? रक्तातल्या पेशी तीनेक दिवस वाढवतात, आणि त्या विभागत असताना कोल्चिसिनच्याच जातीचं औषध घालून त्यांना जागच्या जागी थांबवतात, म्हणजे गुणसूत्रं मोजता येतात. विस्लीतल्या रोपांवरचं ते विष, इतक्या वर्षांनी, मराठवाड्यातल्या एका सुनेची बाजू मांडायला उपयोगी पडलं.

१९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून जानकीबाई मायदेशी आल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या खात्याची नव्यानं घडी बसवायचं काम त्यांच्याकडं सोपवलं होतं. मुख्य पद मात्र मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर सांतापाव यांना मिळालं. ते मोठे अभ्यासक होतेच, पण बाईंना ते लागलं, लपवलंही नाही त्यांनी. १९५५ साली प्रिन्स्टनला माणसानं पृथ्वीचं काय केलं या विषयावर मोठी परिषद झाली, तिथं बोलावलेल्यांत त्या एकट्याच बाई. अलाहाबाद, जम्मू अशी कामं झाली. काही काळ आपल्या तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातही त्या होत्या. १९७० मध्ये मद्रासला गेल्या आणि शहराबाहेर मदुरवोयलला विद्यापीठाच्या शेतावरच्या प्रयोगशाळेत राहू लागल्या. साधं राहणं, पिवळी साडी, भोवती औषधी झाडं आणि मांजरं. मांजरांचाही त्यांना फार लळा. पद्मश्री मिळाली १९७७ साली, ऐंशीला टेकल्यावर.

तेव्हाही स्वस्थ बसल्या नाहीत. केरळच्या सायलेंट व्हॅलीतलं जंगल धरणात बुडणार म्हणून आंदोलन उभं राहिलं, त्यात त्यांनी आवाज दिला. एकेकाळी उसाचं उत्पन्न वाढावं म्हणून राबलेली ही बाई उतारवयात रानातली अनाम झाडं वाचावीत म्हणून भांडत होती. तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची नोंद करायचंही त्यांनी मनावर घेतलं होतं. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरवोयलला त्या गेल्या, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. बऱ्याच वर्षांनी कोडाईकनालच्या एका जोडप्यानं नवा गुलाब तयार केला आणि त्याला जानकीबाईंचं नाव दिलं. पिवळा, त्यांच्या साडीच्या रंगाचा.

माझ्या बहिणीनं तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतलाय. पुन्हा दिवस राहिले तर गर्भाची तपासणी कधी करायची, हे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, आणि आता दवाखान्यात फाइल नवराच धरतो. सासूबाई रिपोर्टविषयी काही बोलल्या नाहीत. पण परवा त्यांच्या गोठ्यातली गाय चौथ्यांदा उलटली, तर म्हणे त्यांनी डॉक्टरला आधी विचारलं, वळू कुठला होता.